प्याद्यापोटी उंट

देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकत असे. सैन्याची जुळवाजुळव होईतो बराच वेळ जाई. विलायती पद्धतीने प्याद्यास दोन घरांची मुभा दिली, आणि दहा-अकरा चालींतच राजाच्या दाराशी रणकंदन माजण्याचे दिवस आले. त्या घाईच्या युद्धातील एक डाव उज्जैनीच्या शेजारच्या, इंदुरात जन्मलेल्या आणि नाशकात वाढलेल्या विदित गुजराथी यांच्या नावावर आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये कॅनडातील टोरांटो येथे आठ खेळाडूंची आव्हानवीर स्पर्धा भरली. जिंकणाऱ्यास जगज्जेत्याशी लढण्याचा हक्क मिळावयाचा होता. आदल्या वर्षी आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून गुजराथींनी तेथे प्रवेश मिळवला होता. ५ एप्रिलला, दुसऱ्या फेरीत, त्यांची गाठ अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा यांच्याशी पडली. नाकामुरा तोवर सत्तेचाळीस डाव अपराजित होते.

सुरुवात स्पॅनिश पद्धतीची झाली आणि काळ्याने बर्लिन बचाव स्वीकारला. हा बचाव म्हणजे बरोबरीची हमी, अशी त्याची ख्याती. प्रेक्षकांना जांभया आणणारा, असेही कोणी म्हणतात. पण अकराव्या चालीस गुजराथींच्या उंटाने पांढऱ्या राजासमोरचे प्यादे टिपले. एका प्याद्यापोटी उंट! हिशेबाने हा सौदा तोट्याचा; परंतु राजाची तटबंदी फुटली, की हिशेबाचे कोष्टकच बदलते. पांढऱ्या सैन्याची घडी पुन्हा बसली नाही. एकोणतिसाव्या चालीस डाव संपला आणि नाकामुरांची अपराजित मालिकाही संपली.

नवव्या फेरीत पांढरी मोहरी घेऊन गुजराथींनी त्यांना पुन्हा हरवले. मात्र इतर डावांत त्यांना फारसे यश आले नाही. चौदा फेऱ्यांअखेर त्यांचे गुण सहाच भरले व स्थानही सहावे राहिले. डी. गुकेश नऊ गुणांनी पहिले आले, तर साडेआठ गुणांवर तिघे अडकले. त्यांत नाकामुरा होते. गुजराथींशी झालेल्या दोन डावांपैकी एकही बरोबरीत सुटता, तर त्यांचेही नऊ गुण झाले असते. पहिल्या क्रमांकासाठी गुकेशला त्यांच्याशी आणखी झुंजावे लागले असते.

त्याच वर्षी डिसेंबरात सिंगापूर येथे डिंग लिरेन यांना हरवून अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.