दारीं आलेली शेतशाळा

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हें नांव मराठी घरांस परकें नाहीं. वीणा गवाणकर यांचें ‘एक होता कार्व्हर’ हें चरित्र १९८१ सालीं निघाल्यापासून भुईमुगाच्या या किमयागाराची ओळख येथील मुलांस लहानपणींच होत आली आहे. परंतु प्रयोगशाळेंतल्या कार्व्हरहून आमच्या मतें अधिक मोलाचा आहे तो खेडोपाडीं शेतकऱ्यांच्या बांधावर जाणारा कार्व्हर. त्याची कथा मात्र पुढें दुःखद होत जाते.

अमेरिकेच्या दक्षिणेंत १८६५ सालीं गुलामगिरी सुटली, पण सुटलेल्यांच्या हातीं जमीन आली नाहीं. अलाबामा संस्थानांतील बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबें गोऱ्या जमीनदाराचें रान वाट्यानें करीत. बियाणें, खत, पीठमीठ सारें उधार. आणि उधारी फेडावयाची ती कापसानें. म्हणून कापूस थेट उंबरठ्यापर्यंत पेरला जाई. परसांत भाजीलाही जागा उरत नसे. जमिनीचा कस गेला. मक्याची भाकरी, खारवलेलें डुकराचें मांस व काकवी एवढ्यावर माणसें जगत, आणि त्या निकस अन्नानें होणारा पेलाग्रा हा रोग घरोघरीं शिरे.

टस्कीगी येथील विद्यालयाचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १८९२ पासून तेथें शेतकऱ्यांची वार्षिक परिषद भरविली. कार्व्हर १८९६ सालीं आला. पण ज्याला परिषदेस येणेंच परवडत नाहीं, त्याचें काय? तेव्हां शाळेनेंच त्याच्याकडे जावें असें ठरलें. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगींतून गाडी तयार झाली व १९०६ च्या मे महिन्यांत ती निघाली. नांगर, बियाणें, ताक घुसळण्याचें यंत्र असें सामान तींत असे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सरकारी शेतकी खात्यानें टस्कीगीचाच विद्यार्थी टॉमस कँपबेल यास नेमलें. या खात्याचा तो पहिला कृष्णवर्णीय शेतकी मार्गदर्शक. उपदेश शेतकऱ्याच्या ऐपतीस धरून असे. विकतचें खत न मिळे तेथें रानांतला पालापाचोळा व दलदलींतला गाळ कुजवावा. चवळी व भुईमूग लावून जमिनीस नत्र परत द्यावें. भिंतींस जवळच्याच मातीचा रंग द्यावा. पुढें बायकांस घरकाम शिकविणारी शिक्षिका व १९२० सालीं परिचारिकाही या फिरत्या शाळेबरोबर जाऊं लागली.

१९१४ सालीं स्मिथ-लीव्हर कायद्यानें अशा मार्गदर्शनास देशभर सरकारी पैसा मिळाला. पण तो कोणत्या महाविद्यालयाच्या हातीं द्यावा, हें त्या त्या संस्थानच्या विधिमंडळानें ठरवावयाचें होतें. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांसाठीं वाटा राखून ठेवण्याचा सेनेटमधील प्रयत्न फसला, आणि दक्षिणेंत सूत्रें गोऱ्यांच्या महाविद्यालयांकडे गेलीं. कँपबेलसारखे लोक त्यांच्या हाताखालीं, थोड्या पगारावर व तुटपुंज्या संख्येनें राबत राहिले. वॉशिंग्टन यांचा सल्ला असा कीं राजकारणापासून दूर राहून आधीं आपलें शेत सुधारावें. येथें तो सल्ला तोकडा पडला असें आम्हांस वाटतें. कारण अलाबामानें १९०१ च्या घटनेनें ज्यांचें मत जवळजवळ हिरावून घेतलें होतें, त्यांच्याच शेताच्या पैशाचा निकाल विधिमंडळांत लागत होता.

मार्गदर्शनांतला वर्णभेद कायद्यानें संपला तो १९६४ नंतर. १९२० सालीं देशांत सुमारें ९ लक्ष २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. १९९२ सालीं ते १९ हजारांच्या आंत आले. कापसावरील बोंडकिडा, यंत्रें, शहरांची ओढ हीं कारणें होतींच. परंतु सल्ला व कर्ज देतांना झालेला दुजाभावही नागरी हक्क आयोगानें १९६५ सालीं उघड केला होता.

मूळ रहिवासी जमातींची पाळी तर आणखी उशिरां आली. १८६२ च्या कायद्यानें शेतकी महाविद्यालयांस दान दिलेली एक कोटीहून अधिक एकर जमीन याच जमातींकडून घेतलेली होती. त्यांच्या स्वतःच्या २९ महाविद्यालयांस तोच दर्जा १९९४ सालीं मिळाला. जमीन मात्र मिळाली नाहीं. तिच्याऐवजीं रोकड ठेव ठेवण्यांत आली.