सेनापतीचें पद आणि मराठी राज्य

सेनापति म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें घोडा, समशेर आणि रणांगण हींच उभीं राहतात. परंतु सेनापतीचें खरें वजन लढाईच्या दिवशीं जितकें कळतें त्याहून अधिक तें लढाई नसते तेव्हां कळतें. फौजेला पगार कोण देतो, लूट कोणाच्या खजिन्यांत जाते, आणि गादीचा वाद उत्पन्न झाला तर शिपाई कोणाच्या तोंडाकडे पाहतो, या तीन गोष्टींवर त्या पदाचें स्वरूप ठरत असतें. मराठी राज्यांत राज्याभिषेकापासून साठ वर्षांच्या आंत या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें पार उलटलीं. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

शिवछत्रपतींच्या लष्करांत पायदळाचा सरनोबत निराळा आणि घोडदळाचा निराळा असे. पागेंत पंचवीस बारगिरांवर हवालदार, पांच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पांच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत, अशी ती उतरंड सभासदानें आपल्या बखरींत वर्णिली आहे. अंमलदारांस वेतन होनांत ठरलेलें. हिशेबाचे कारकून सरकारचे, आणि मोहिमेंतील लूट सरकारांत जमा झाली पाहिजे हा सक्त दंडक. म्हणजे फौज सरनोबताच्या हुकमांत असली तरी ती त्याच्या मालकीची नव्हती. याचा परिणाम असा कीं सरनोबताला दूर करणें राजाला शक्य होतें. नेताजी पालकराला लोक प्रतिशिवाजी म्हणत. तरी इ. स. १६६६ मध्यें पन्हाळ्यावरील छाप्याच्या वेळीं तो वेळेवर पोंचला नाहीं म्हणून महाराजांनीं त्याला पदावरून काढलें. नेताजी प्रथम विजापुराकडे व मग मोंगलांकडे गेला. फौज मात्र त्याच्यामागून गेली नाहीं. प्रतापराव गुजराची गोष्ट तर सर्वांच्या तोंडीं आहे. उमराणीस हातीं आलेल्या बहलोलखानाला त्यानें सोडून दिलें, त्याबद्दल महाराजांचा ठपका आला, आणि १६७४ च्या फेब्रुवारींत नेसरीच्या खिंडींत मूठभर स्वारांनिशीं तो शत्रूवर तुटून पडला. काव्याला हा विषय फार उत्तम आहे. परंतु सबंध राज्याचा सरनोबत अशा रीतीनें मरणें हें राज्याच्या सोयीचें खास नव्हतें, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

त्याच वर्षीं रायगडावर राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांत सेनापति म्हणून हंबीरराव मोहिते उभा राहिला. या पुरुषाच्या आयुष्यांतील एक प्रसंग मला त्याच्या सर्व लढायांपेक्षां मोठा वाटतो. ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज निवर्तले. संभाजीराजे पन्हाळ्यास होते. रायगडावर सोयराबाईच्या पक्षानें बालक राजारामाला मंचकावर बसविलें, आणि मोरोपंत पेशवे व अण्णाजी दत्तो हे दोघे थोर प्रधान संभाजीराजांना कैद करण्यासाठीं पन्हाळ्याकडे निघाले. सेनापति त्या वेळीं कऱ्हाडच्या बाजूस होता. सोयराबाई ही त्याची सख्खी बहीण; राजाराम त्याचा भाचा. त्यानें नुसतें स्वस्थ बसावयाचें ठरविलें असतें तरी भाच्याची गादी कायम झाली असती. पण हंबीररावानें त्या प्रधानांनाच धरून पन्हाळ्यास संभाजीराजांपुढें नेलें, आणि वाद तेथेंच मिटला. घरचें नातें एकीकडे आणि वडील पुत्राचा हक्क दुसरीकडे असतां त्यानें हक्काची बाजू घेतली, याबद्दल त्याची थोरवी गावी तितकी थोडी. तथापि त्याच दिवशीं आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती तितकीशी सुखाची नव्हती : गादीवर कोणी बसावें हें सेनापति ठरवूं शकतो. १६८७ मध्यें वाईजवळच्या लढाईंत गोळा लागून हंबीरराव पडला.

पुढें दोनच वर्षांनीं रायगड गेला. राजाराममहाराज जिंजीस पोंचले तेव्हां खजिना नव्हता, आणि औरंगजेब तर सबंध दख्खन व्यापून बसला होता. वेतन कोठून द्यावयाचें ? तेव्हां जो फौज जमवील त्याला मुलुखाचें सरंजाम मिळेल, असा मार्ग पत्करावा लागला. या मार्गानें राज्य वांचलें हें निर्विवाद आहे. पण शिपायाला भाकर सरदाराच्या हातून मिळूं लागली आणि सरदार स्वतःला मुलुखाचा धनी समजूं लागला. वतनदारांच्या या वृत्तीचा धोका रामचंद्रपंत अमात्यानें पुढें आज्ञापत्रांत चांगलाच ओळखला आहे. मात्र तो ओळखेपर्यंत वेळ निघून गेली होती.

संताजी घोरपडे हा या काळचा सेनापति. १६९५ च्या अखेरीस त्यानें कासिमखानाला दोड्डेरीच्या गढींत कोंडून बादशाही फौजेची पुरी दुर्दशा केली, आणि लागलीच पुढच्या जानेवारींत बसवापट्टणाजवळ हिंमतखान त्याच्याशीं लढतांना पडला. संताजीशीं गांठ पडली कीं मरण, जखम किंवा कैद यांपैकीं एक ठरलेलें, असा त्याचा दरारा खाफीखानासारख्या मोंगल इतिहासकारानेंहि नमूद केला आहे. परंतु शिस्तीच्या बाबतींत तो अतिशय कठोर. आणि सरंजामी फौजेला शिस्त सोसत नाहीं. धनाजी जाधवाशीं त्याचें वांकडें आलें, महाराजांशींहि बिनसलें, सेनापतिपद धनाजीला मिळालें. एकामागून एक पथकें संताजीला सोडून गेलीं, आणि जून १६९७ मध्यें नागोजी मान्यानें जुन्या वैरापोटीं त्याला ठार मारलें.

धनाजीचें वजन १७०७ मध्यें दिसलें. शाहूमहाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले. ताराबाईनें त्यांच्यावर धनाजीलाच पाठविलें. खेडच्या मुक्कामीं बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें सेनापति शाहूमहाराजांना मिळाला, आणि साताऱ्याच्या गादीचा निकाल जवळजवळ तेथेंच लागला. हंबीररावाचा प्रसंग आणि हा प्रसंग वरवर सारखे दिसतात. फरक इतकाच कीं हंबीररावाला कोणी वळवावें लागलें नव्हतें. धनाजीमागें पद त्याच्या मुलाला, चंद्रसेनाला मिळालें. १७११ मध्यें बाळाजीशीं भांडण होतांच तो प्रथम ताराबाईकडे आणि मग निजामाकडे गेला. नेताजी एकटा गेला होता. चंद्रसेन फौजेसह गेला. तेव्हां महाराजांनीं बाळाजीला ‘सेनाकर्ते’ हा किताब देऊन नवी फौज उभारावयास सांगितलें. प्रधानानें सेना करावी, हा पायंडा येथून पडला.

खंडेराव दाभाडे १७१७ मध्यें सेनापति झाला. गुजराथ हें त्याच्या घराण्याचें क्षेत्र. त्याच्या मृत्यूनंतर पुत्र त्र्यंबकराव पदावर आला. १७३० मध्यें सरबुलंदखानाशीं ठराव करून चिमाजीअप्पानें गुजराथच्या चौथाईंत हात घातला, तेव्हां सेनापतीला तो आपल्या घरावरचा दरोडा वाटला. पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे, उदाजी पवार त्याच्या बाजूस मिळाले. निजामाशीं संधान बांधलें गेलें. १ एप्रिल १७३१ रोजीं डभईजवळ छत्रपतींचा पेशवा आणि छत्रपतींचा सेनापति एकमेकांशीं लढले. दोघेहि आपण स्वामिकार्य करीत आहोंत असेंच म्हणत होते! त्र्यंबकराव गोळी लागून हत्तीवरच पडला.

शाहूमहाराजांनीं उमाबाईचें सांत्वन केलें आणि धाकट्या यशवंतरावाला सेनापतीचीं वस्त्रें दिलीं. कारभार पिलाजीकडे गेला. १७३२ मध्यें डाकोरास त्याचा खून झाल्यावर उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेली. दाभाडे घराण्याचें तें शेवटचें मोठें तेज. पुढें १७५१ मध्यें ताराबाईचा पक्ष घेतल्यामुळें दाभाडे व दमाजी गायकवाड पेशव्यांच्या कैदेंत पडले, आणि अर्धी गुजराथ लिहून देऊन दमाजी सुटला. दहा वर्षांनीं पानपतावर मराठ्यांचें सर्वांत मोठें सैन्य उभें राहिलें तेव्हां त्याचें आधिपत्य पेशव्यांच्या घरांतील सदाशिवरावभाऊकडे होतें. दमाजी गायकवाड त्या सैन्यांत होता. सेनापतीचा किताब मात्र तळेगांवास दाभाड्यांच्या घरांतच राहिला.