मैदानावरचा पहिला माणूस

आज आपण बोलणार आहोत शाळेच्या मैदानावर मुरगळलेल्या पायाबद्दल. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? आहे, आणि बराचसा आपल्या विदर्भातलाच आहे.

१९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था निघाली. म्हणजे पी.टी.चे मास्तर शिकवून तयार करायचे, ही कल्पना आपल्याकडे जुनीच. प्रश्न आहे तो पुढचा: मूल पडलं, तर मास्तरांनी नेमकं काय करायचं?

याचं उत्तर शोधायला आपण गडचिरोलीत जाऊ. १९८२ साली चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी इथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. पुढे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची तपासणी आणि उपचार शिकवले. बालमृत्यू घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला. यातून आपण काय घ्यायचं? दवाखाना लांब असेल, तर ज्ञान जवळच्या माणसाच्या हाती द्यावं. आश्रमशाळेच्या कबड्डीच्या मैदानावर तो जवळचा माणूस म्हणजे क्रीडाशिक्षक.

पण शिबिर एकदा घेतलं की झालं, असं नाही. १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी दुखापतीसाठी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं असं सूत्र दिलं. जगभर ते पाठ झालं. पुढे त्यांनीच सांगितलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. म्हणून उजळणी हवीच.

शिकवायचं ते फार अवघड नाही. खेळाआधी अंग मोकळं करून घ्यायचं. उडी मारून गुडघे वाकवून उतरायला शिकवायचं. सुजलेला सांधा ओढायचा नाही, चोळायचा नाही. घोट्याच्या दुखापतीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रेसाठी पाठवायचं. डोक्याला मार लागून चक्कर आली, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही.

एवढं कळलं नाही, तर साधा मुरगळलेला घोटा वर्षानुवर्षं दुखत राहतो आणि चांगली खेळणारी पोरगी मुकाट्याने संघातून बाहेर पडते. निकालाच्या तक्त्यात तिची नोंद कुठेच होत नाही. ती नोंद ठेवणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, असं आम्ही मानतो.