सी, डी, ई : एका वहिवाटीचं मूळ

बालाघाट शहराला लागून असलेली भरवेली ओळखली जाते ती मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी. खाण ‘मॉयल’ची, कंपनीचं मुख्यालय नागपूरला, आणि बाकीच्या खाणी नागपूर, भंडारा, बालाघाट या तीन जिल्ह्यांत. मनसर, कांद्री, चिकला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी, उकवा ही नावं बदलीच्या नोकरीत एका दमात घेतली जातात. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तरी या पट्ट्याची नागपूरकडची ये-जा काही थांबली नाही. घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले तेही याच वाटेने. आधी बालाघाटच्या बाजारात चौकशी, नाहीतर गोंदिया, नाहीतर थेट नागपूरची सीताबर्डी. त्या सगळ्या दुकानांच्या पाठीशी मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

या वाटेने आलेल्या मशीनबरोबर एक वहिवाटही आली. असेंबल्ड कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस हार्ड डिस्कचे तीन-चार भाग पाडूनच मशीन गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. सी मध्ये विंडोज, डी मध्ये कामाच्या फायली, ई मध्ये गाणी आणि फोटो. गिऱ्हाइकाने मागितलं नसलं तरी. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली की एकाच ड्राइव्हचा लॅपटॉप घरी आला तर आजही अनेकांना तो अर्धवट वाटतो. पण हीच विभागणी नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना वारंवार आडवी येते. पार्टिशनचा प्रोग्रॅम अडकतो, मध्येच बंद पडतो किंवा डिस्क ओळखायलाच नकार देतो, आणि दोष सीडीवर किंवा डिस्कवर ढकलला जातो. खरं कारण बहुतेक वेळा डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये असतं.

तो सेक्टर, म्हणजे ‘एमबीआर’, 512 बाइटचा. त्यातले 446 बाइट मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, शेवटचे 2 बाइट खुणेला, आणि मधले 64 बाइट विभागांच्या नोंदींना. एका नोंदीला 16 बाइट लागतात, म्हणजे नोंदी चारच. 1983 च्या मार्चमध्ये आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला तेव्हा त्याची डिस्क 10 एमबीची होती आणि सोबतच्या डॉस 2.0 मध्ये ‘एफडिस्क’ होता. 10 एमबीला चार नोंदी भरपूर होत्या. डिस्क वाढल्या तशी चणचण भासू लागली, आणि 1987 च्या डॉस 3.3 ने तोड काढली : चारांपैकी एक नोंद ‘एक्स्टेंडेड’ धरायची आणि तिच्या पोटात हवे तितके ‘लॉजिकल’ भाग पाडायचे. पटवाऱ्याच्या नकाशात एका गटाचे पोटहिस्से पडतात, तसंच हे. मात्र पोटहिश्शांची एकत्र यादी कुठेच नाही. प्रत्येक हिश्शापाशी एक लहानशी नोंद, आणि तीत पुढच्या हिश्शाचा पत्ता. एक कडी तुटली की पुढचे सगळे हिस्से दिसेनासे होतात.

सी, डी, ई ही चाल पडली ती पुढच्या दशकात, आणि तिला हौस कारणीभूत नव्हती. फायली साठवण्याच्या फॅट 16 या पद्धतीत एक भाग 2 जीबीपेक्षा मोठा करता येत नसे. 4.3 जीबीची डिस्क विकत घेतली तर तिचे तीन तुकडे पाडण्याला पर्यायच नव्हता. शिवाय 1 जीबीच्या वरच्या भागात लहानात लहान फाइलही 32 केबी जागा अडवायची, म्हणून आणखी बारीक तुकडे पाडणारेही होते. 1996 मध्ये विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट 32 आलं आणि ही अडचण संपली. वहिवाट टिकली, कारण तोवर तिचा दुसरा उपयोग सगळ्यांना कळला होता.

हा उपयोग शिकवला व्हायरसांनी. त्या काळातले अनेक व्हायरस याच पहिल्या सेक्टरमध्ये ठाण मांडून बसत. त्यावर दुकानादुकानांत एक मंत्र प्रचलित होता, ‘एफडिस्क, स्लॅश, एमबीआर’. एका ओळीच्या या आज्ञेने सुरुवातीचा प्रोग्रॅम नव्याने लिहिला जायचा आणि बरेच व्हायरस निघून जायचे. पण ‘मंकी’ नावाचा व्हायरस मूळ नोंदी सांकेतिक करून दुसरीकडे लपवत असे. त्याच्यावर हा मंत्र चालवला की लपवलेल्या नोंदींपर्यंत जाणारी वाट बुजायची आणि धडधाकट डिस्क रिकामी दिसू लागायची. म्हणजे रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये हे या धंद्याला तेव्हाच समजलं होतं. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी दुरुस्तीच्या दुकानातूनच अँटिव्हायरस तयार केला, तो पुढे ‘क्विक हील’ म्हणून देशभर गेला. रोज बाधित मशीन टेबलावर येत असल्याशिवाय असं उत्पादन सुचलं नसतं.

मग आला 26 एप्रिल 1999. ‘सीआयएच’ व्हायरसने त्या दिवशी डिस्कचा पहिला 1 एमबी पुसून टाकला, काही मशीनची बायॉससुद्धा. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, बांगलादेश आणि भारतात त्याचा मोठा तडाखा बसला. विभागांच्या चारही नोंदी गेल्या, सी ड्राइव्हचा आरंभ गेला. पण डी आणि ई डिस्कच्या आत खोलवर होते आणि त्यांच्या नोंदी त्यांच्याचपाशी होत्या. एक्स्टेंडेड भाग नेमका कुठून सुरू होतो एवढं शोधून ती नोंद पहिल्या सेक्टरमध्ये पुन्हा लिहिली, की डी, ई जसेच्या तसे परत येत. तुटक साखळीला एरवी नावं ठेवली जातात. त्या दिवशी तिनेच अनेकांचं काम वाचवलं. ‘सगळं सी मध्ये ठेवू नका’ हा सल्ला त्यानंतर पक्का झाला. तो त्या काळाला धरून होता आणि देणाऱ्याने अनुभवातून दिला होता.

यानंतरच्या दहा-बारा वर्षांत बंद पडणाऱ्या पार्टिशनचे प्रकार फार झाले. त्यातले काही जवळून पाहण्यासारखे आहेत.

विंडोज 98 चा एफडिस्क 64 जीबीपर्यंतच मोजायला शिकला होता. त्याच्यापुढे 80 जीबीची डिस्क ठेवली की तो 64 वजा करून उरलेलं सांगायचा, जेमतेम साडेदहा जीबी. डिस्क बदलून मागायला दुकानात आलेलं गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही आपापल्या जागी बरोबर असत. मायक्रोसॉफ्टने नंतर सुधारित एफडिस्क दिला. विंडोज एक्सपीच्या पहिल्या आवृत्तीची मर्यादा 137 जीबी होती. 160 जीबीची डिस्क लावली की इन्स्टॉल करताना आकडा यायचा 131070 एमबी. हा आकडा दिसला की जाणत्या कारागिराने समजून जावं, डिस्क ठीक आहे, सीडी जुनी आहे. 2002 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतरची घ्यावी. ज्यांनी तसं न करता रेटून नेलं, त्यांच्यातल्या ज्यांच्या डिस्कवर आधीचे मोठे भाग होते त्यांचा डेटा बिघडला.

‘पार्टिशनमॅजिक’ हा पॉवरक्वेस्ट कंपनीचा प्रोग्रॅम तेव्हा प्रत्येक दुकानाच्या सीडीच्या पाकिटात असायचा. डेटा न पुसता भाग लहानमोठे करण्याची सोय त्यात होती. पण नोंदींमध्ये किंचित विसंगती दिसली की तो अख्खी डिस्क एकाच पिवळ्या पट्टीत दाखवायचा आणि वर लिहायचा, ‘बॅड’. पुष्कळांनी ही पट्टी पाहून चालू डिस्क भंगारात काढली. आणि भाग सरकवण्याचं काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर? वीज जाणं तर तेव्हा नेहमीचंच होतं. 2003 ची मध्य प्रदेश विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी याच प्रश्नांवर लढली गेली. सीमेपलीकडे विदर्भातही पुढची कित्येक वर्षं भारनियमनाची होती. भाग सरकवताना डेटा डिस्कवरच एका जागेवरून दुसरीकडे नेला जातो आणि नोंद शेवटी बदलते. मधल्या मिनिटांना वीज गेली तर जुनी नोंद खोटी ठरते आणि नवी अजून लिहिलेलीच नसते. या भागात यूपीएसशिवाय पार्टिशनला हात लावायचा नाही, हा नियम असा झाला.

याच सुमारास लिनक्स येऊन पोहोचलं. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीड्यांनी ते महानगरांबाहेर नेलं; इंटरनेट नसलेल्या गावात ही सीडी हाच एक रस्ता होता. 2000 च्या सुमारास ‘इंडलिनक्स’ने भारतीय भाषांचं काम हाती घेतलं, आणि पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून झालेल्या भाषांतरामुळे फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराचा ‘अ‍ॅनाकोंडा’ हा इन्स्टॉलर मराठीत वाचता येऊ लागला. डिस्क पुसली जाणार आहे ही सूचना आपल्या भाषेत समोर येणं ही मोठी गोष्ट आहे. या कामाची दखल मराठीने अजून पुरेशी घेतलेली नाही.

अ‍ॅनाकोंडा पायथनमध्ये लिहिलेला. न पेलणारं काही समोर आलं की तो गप्प बसत नाही; पानभर तांत्रिक ओळी पडद्यावर टाकतो. नवख्याला ती भीती वाटते, पण त्या ओळींच्या शेवटी बहुधा कारण लिहिलेलं असतं. सर्वात प्रसिद्ध घोटाळा मात्र कसलीही तक्रार न करता झाला. 18 मे 2004 ला फेडोरा कोअर 2 आलं. त्यातल्या नव्या 2.6 कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, डिस्कची जुन्या पद्धतीची मापं, म्हणजे सिलिंडर आणि हेड, बायॉसकडून घेणं सोडलं होतं. इन्स्टॉलरने नोंदी लिहिताना ही मापं बदलली. लिनक्सला त्यांची गरजच नव्हती, ते सुरळीत चालू झालं. विंडोज एक्सपी त्या मापांवर विसंबून होतं, ते सुरूच होईना. डेटा पूर्ण शाबूत होता. लिनक्समधल्या ‘एसएफडिस्क’ने 255 हेड आणि 63 सेक्टर ही मापं नोंदींत परत घातली की विंडोज पुन्हा उभं राहायचं. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांनी डिस्क फॉरमॅट केली, आणि लिनक्स विंडोज खातं ही समजूत गावोगाव पसरली ती तेव्हा.

याहून धोकादायक प्रकार म्हणजे दोन भागांच्या हद्दी एकमेकींवर चढणं. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी पाडलेले भाग असले की असं होतं. ‘पार्टेड’ हा लिनक्सचा विभागणीचा प्रोग्रॅम ते पाहतो आणि काम नाकारतो, आणि त्याच्यावर बेतलेला ‘जीपार्टेड’ पूर्ण डिस्क राखाडी, म्हणजे वाटप न झालेली दाखवतो. डिस्क भरलेली असते, प्रोग्रॅमला फक्त नोंद वाचता आलेली नसते. अशा वेळी पुढे जाण्याचं बटण दाबणं हा सरळ सरळ डेटाचा घात. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा ‘टेस्टडिस्क’ हा मोफत प्रोग्रॅम अशा डिस्कवर भागांचे खरे आरंभ आणि शेवट शोधून देतो. तो वापरता येणारा माणूस गावात एक जरी असला तरी पुष्कळ नुकसान टळतं. काही अडचणी मात्र अगदी किरकोळ असतात : लाइव्ह सीडीने डिस्कवरचा जुना स्वॅप, म्हणजे मेमरीला जोड म्हणून राखलेला भाग, आपणहून वापरायला घेतलेला असतो, म्हणून त्या भागाला कुलूप दिसतं. स्वॅप बंद केला की काम पुढे सरकतं.

विंडोज 7 ने या वहिवाटीत आणखी एक गुंता घातला. ही आवृत्ती स्वतःसाठी 100 एमबीचा एक वेगळा भाग राखून ठेवते. तो एक, सी, डी आणि ई मिळून चार झाले. डिस्क विभागून देणाऱ्याने चारही ‘प्रायमरी’, म्हणजे थेट त्या चार नोंदींवरचे, केले असतील आणि गिऱ्हाइकाला फोटोंसाठी एफ हवा असेल, तर डिस्क मॅनेजमेंट विचारायचं, डिस्क ‘डायनॅमिक’ करू का? लोक ‘हो’ म्हणायचे. त्यानंतर लिनक्सच्या इन्स्टॉलरला ते ड्राइव्ह ओळखू येत नसत आणि विंडोजचा इन्स्टॉलरही अशा भागावर बसायला नाकारायचा. 1983 च्या चार नोंदी 2009 च्या सिस्टिमला अशा अडवत होत्या.

आता पुन्हा तीच वेळ आली आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 ला बायॉसच्या जागी आलेलं यूईएफआय लागतं, आणि त्यासाठी सिस्टिमच्या डिस्कवर चार नोंदींच्या जुन्या तक्त्याऐवजी जीपीटी हा नवा तक्ता. डेटा न पुसता जुन्याचा नवा करून देणारा ‘एमबीआर टू जीपीटी’ हा प्रोग्रॅम विंडोजमध्येच आहे. पण त्याच्या अटी कडक आहेत : प्रायमरी भाग तीनपेक्षा जास्त नकोत, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल भाग एकही नको. सी, डी, ई च्या चालीने विभागलेली डिस्क त्याच्यापुढे ठेवली की तो मांडणीची तपासणी नापास झाल्याचं सांगून थांबतो. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. डी आणि ई मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं, त्या फायली उघडून पाहायच्या, मग ते भाग काढायचे आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. यूईएफआय आणि विंडोज 11 ची टीपीएम या सुरक्षा-चिपची अट न पेलणाऱ्या मशीनवर लिनक्स टाकायचं असेल तरी पहिली पायरी हीच.

म्हणून भरवेली असो की भंडारा, जुनं मशीन दुरुस्तीला नेणाऱ्याने फॉरमॅट मारून द्या असं म्हणण्याआधी दोन गोष्टी मागून घ्याव्यात : आत्ताच्या विभागांच्या नोंदींची प्रत, आणि डी, ई ची नक्कल वेगळ्या डिस्कवर. नोंदींची प्रत कागदाच्या एका पानावर मावते.