पत्ता मागणारे यंत्र : छोट्या नेटवर्कच्या अभ्यासाची प्रस्तावना

नेटवर्कची बहुतेक पुस्तके सात थरांच्या आकृतीपासून सुरू होतात. हे पुस्तक राउटरच्या सेटिंगमधल्या एका पानापासून सुरू होते. त्या पानावर ‘डीएचसीपी’ असे लिहिलेले असते, आणि सहसा कोणी ते उघडत नाही. नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्स पाहणारा मुलगा, कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात वायफायचीही जबाबदारी अंगावर पडलेला कंपाउंडर, चार संगणक सांभाळणाऱ्या ग्रंथपाल बाई, अशा सगळ्यांसाठी हे पुस्तक आहे. प्रयोगशाळा तुमच्या भिंतीवर आधीच टांगलेली आहे.

डीएचसीपी म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना पत्ते वाटण्याची पद्धत. तिच्या मुळातला प्रश्न फार सुंदर आहे. नव्याने जोडलेल्या फोनला स्वतःचा पत्ता नसतो आणि पत्ता देणारा कोण हेही ठाऊक नसते. मग त्याने विचारायचे कोणाला? तो सगळ्यांनाच विचारतो. पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५ लिहून तो हाक देतो. राउटर एक पत्ता देऊ करतो. फोन ‘हाच घेतो’ असे कळवतो, पण तेही सर्वांना ऐकू जाईल असेच. नेटवर्कवर पत्ता देणारे दुसरे कोणी असेल, तर आपला देकार नाकारला गेला हे त्यालाही कळावे, म्हणून ही तजवीज. मग राउटर शिक्कामोर्तब करतो. एवढ्या चार निरोपांत अनोळखी यंत्रांचा व्यवहार पुरा होतो. माझ्या मते नेटवर्कशास्त्राची सगळी बुद्धी या चार निरोपांत दिसते.

ही पद्धत एका दिवसात आली नाही. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ मांडली. तिच्यात कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा, ही यादी माणसालाच आधी लिहून ठेवावी लागे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी डीएचसीपीचा मसुदा दिला आणि पत्ता मुदतीवर देऊन परत घेण्याची सोय झाली. १९९७ ची त्याची सुधारित आवृत्ती आजही पायाभूत मानली जाते.

मुदत हा या पद्धतीचा प्राण. सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्राममध्ये आखाड्यांना जागा मिळते ती पर्वापुरती. पर्व सरले की जागा मोकळी. पत्त्याचेही तसेच. चोवीस तासांची मुदत असेल, तर बारा तास झाले की फोन मूळ राउटरकडे मुदतवाढ मागतो; उत्तर आलेच नाही, तर एकवीस तास झाल्यावर तो कोणाकडेही मागू लागतो. दवाखान्यात शंभर पत्ते, चोवीस तासांची मुदत आणि दिवसभरात दीडशे रुग्णांचे फोन, असा हिशेब असेल तर दुपारनंतर वायफायला जोडूनही नेट चालणार नाही. तिथे मुदत तासाभराची करावी. दोन-चार यंत्रांच्या घरात मात्र मुदतीला हात लावण्याचे कारण नाही.

आता कारखान्यातले एक उदाहरण पाहू. राउटर १९२.१६८.१.१०० ते १९९ हे पत्ते वाटतो. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला कंपनीतूनच १९२.१६८.१.१०८ हा कायमचा पत्ता घातलेला आहे. काही दिवस सगळे सुरळीत चालते. एकदा डीव्हीआर बंद असताना राउटरला तो पत्ता रिकामा दिसतो आणि तो एखाद्या मोबाइलला दिला जातो. डीव्हीआर पुन्हा सुरू झाला की एकाच पत्त्याचे दोन मालक! कॅमेरे मधूनच दिसतात, मधूनच जातात, आणि दोष केबलला लागतो. उपाय साधा आहे. प्रिंटर, हजेरीचे मशीन, डीव्हीआर यांना वाटपाच्या टप्प्याबाहेरचे पत्ते द्यावेत, नाहीतर त्यांचा मॅक पत्ता (म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख) राउटरमध्ये नोंदवून पत्ता राखून ठेवावा. मी राखीव नोंदीचा पक्ष घेतो, कारण मग सगळी वही एकाच जागी राहते.

वीज गेली की पुष्कळ स्वस्त राउटर मुदतीवर वाटलेल्या पत्त्यांची वही विसरतात. तरी गोंधळ क्वचितच होतो, कारण यंत्रे आपला जुना पत्ताच पुन्हा मागतात. ‘डीएनएसमास्क’ हा छोट्या राउटरांत सर्रास आढळणारा प्रोग्राम तर पत्ता निवडताना मॅक पत्त्यावरच गणित करतो, म्हणून वही नसतानाही त्याच यंत्राला बहुधा तोच पत्ता मिळतो. तिसरे प्रकरण याच गणिताचे आहे.

चौथ्यात वरच्या मजल्यावर रेंज यावी म्हणून आणलेला दुसरा राउटर आहे. त्याचे डीएचसीपी बंद न करता तो जोडला, तर अर्धे फोन त्याच्याकडून पत्ता आणि चुकीची वाट घेऊन बसतात. ज्यांना आज हीच अडचण आहे, त्यांनी थेट ते प्रकरण उघडावे; आधीची पाने नंतर वाचली तरी चालतील.