जालन्याचे मनोरुग्णालय आणि मराठवाड्यातली घरे

पूर्ण्याहून नांदेडकडे जाताना लागणारे चुडावा हे लहानसे स्थानक. हाच लोहमार्ग उलट दिशेने परभणीवरून जालन्याला जातो. निजामाच्या राज्यात मनोरुग्णालय होते ते या जालन्याला. १९५०च्या दशकात ते हैदराबादला हलवण्यात आले, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर तेच रुग्णालय परराज्यातले झाले. महाराष्ट्राकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये राहिली. मराठवाड्यात एकही नाही. चुडाव्यासारख्या गावात स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला वॉर्ड म्हणजे घराची ओसरी, आणि परिचारिका म्हणजे आई, बायको किंवा भावजय.

त्याच सुमारास पाश्चात्त्य मनोविकारशास्त्राने कुटुंबाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी १९४८ साली आईच्या वागण्यातून हा आजार उपजतो, असे सुचवले. पुराव्याअभावी ती कल्पना मोडीत निघाली, पण तोवर असंख्य आयांनी स्वतःला दोषी ठरवून घेतले होते.

खरा शोध वेगळ्या प्रश्नातून लागला. रुग्णालयातून सुटलेल्यांपैकी पुन्हा कोण आजारी पडते? लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांना १९५०च्या दशकात आढळले, की आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत राहणारे बरे टिकतात. मग त्यांनी घरातले बोलणे मोजायला घेतले: टोचून बोलणे, वैरभाव आणि जीव गुदमरवणारी अतिकाळजी. १९७२च्या अभ्यासात अशा घरांतल्या ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरांत हे प्रमाण १६ टक्के होते. आजार घरामुळे होतो, असा याचा अर्थ नव्हे. बोलणे टोचरे का होते, तेही समजण्याजोगे आहे: रुग्णाचा निरुत्साह हे आजाराचेच लक्षण, पण घरच्यांना तो आळस वाटतो. ‘मुद्दाम करतो’ हे वाक्य बहुतेकदा तिथूनच येते.

भारताचे चित्र निराळे निघाले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या अभ्यासात अशी तणावाची घरे सुमारे पाव होती. लंडनमध्ये जवळपास निम्मी. यावरून एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. वैरभाव चंदीगडलाही रुग्णाला भोवला, आणि शांत घराचे ओझे बहुधा बायकाच वाहतात. कुटुंबाला उपचारात सामावून घेण्याचे काम मात्र भारताने लवकर केले: अमृतसरला डॉ. विद्या सागर यांनी १९५०च्या दशकातच रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहायला बोलावले.

हे वातावरण बदलता येते का? लंडनमध्ये ज्युलियन लेफ यांच्या १९८२च्या छोट्या प्रयोगात घरच्यांना आजार समजावून सांगितला, त्यांच्या गटबैठका घेतल्या. औषधे चालूच होती. आजार उलटण्याचे प्रमाण निम्म्यावरून दहांत एकापर्यंत आले.

मराठीत ही समज पोचवण्यात जगन्नाथ वाणी यांचा वाटा मोठा. कॅनडात गणिती विषयाचे प्राध्यापक असलेल्या वाणींच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४च्या ‘देवराई’ या चित्रपटात रुग्णाइतकीच त्याची बहीणही केंद्रस्थानी आहे.

अलीकडे जालन्यालाच नव्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला राज्य सरकारने मंजुरी दिली. तिथून सुटी मिळालेला चुडाव्याचा माणूस परत येईल तो त्याच ओसरीवर.