मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना

अंधेरीचे १९७३ पासूनचे ‘सीप्झ’ असो वा मालाडचे ‘माइंडस्पेस’, मुलाखतीचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘स्वतःविषयी सांगा.’ आपल्याकडचे अनेक उमेदवार नाव, मूळ गाव, वडिलांची नोकरी, भावंडे या क्रमाने उत्तर देतात. हा तपशील लग्न जुळवताना ठीक. नोकरी देणाऱ्याला त्याचे काय? शिक्षण आणि गुण अर्जात असतातच. ते एका वाक्यात आटोपून केलेल्या कामाविषयी नेमके बोलावे. ‘मी मेहनती आहे’ यापेक्षा ‘घाटकोपरच्या दुकानाचे हिशेब दोन वर्षे टॅलीवर ठेवले’ हे वाक्य अधिक वजनदार ठरते. पुढचा प्रश्न पुष्कळदा आपल्या शेवटच्या वाक्यावरूनच निघतो. त्यामुळे ज्या विषयावर आणखी बोलता येईल, तेथेच थांबावे.

मराठी माध्यमातून आलेले कित्येक जण इंग्रजी उतारा पाठ करून जातात. मध्येच कोणी अडवले की धागा तुटतो आणि एरवी सहज येणारे इंग्रजीही सुचत नाही. त्याऐवजी चार मुद्दे मनात ठेवून ते रोज निराळ्या शब्दांत मोठ्याने बोलावेत. दीड-दोन मिनिटे पुरेत. छंद विचारल्याखेरीज सांगू नयेत. ‘वाचन’ सांगायचेच असेल, तर निदान अलीकडे वाचलेल्या पुस्तकाचे नाव आठवत असावे.